चेहरा झाकला, पण प्रश्नाचं काय?

विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्या घरी कॅमेरा पोहोचतो. आईच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग बूम आठ-दहा वर्षांच्या पोरापुढे जातो : ‘बाबांची आठवण येते का?’ यातून माहिती काय मिळते? काही नाही. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, रडू हवं असतं.

कायदा इथे पुरत नाही. पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुख्यतः गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची ओळख झाकायला लावतात. नावच नव्हे, शाळासुद्धा. कठुआ प्रकरणात आठ वर्षांच्या मुलीची ओळख उघड केली म्हणून २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. योग्यच झालं. पण आपल्याकडे धडा उरला तो ‘चेहरा ब्लर करा’ एवढाच. चेहरा ब्लर करूनही पोराला रडवता येतंच की!

‘आईची परवानगी होती,’ असं सांगतात. आता ही परवानगी बघा. सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे अजून ठरायचंय. तलाठी येऊन गेला, पुढारी येऊन गेले. बातमी लागली तर काही हालचाल होईल, ही आशा. अशी बाई कॅमेऱ्याला ‘नाही’ कशी म्हणणार? पोराला तर कुणी विचारलेलंच नसतं. ते मान खाली घालून अंगठ्याने जमीन उकरत राहतं. आमच्या मते तो नकारच आहे.

मग मुलांशी बोलूच नये का? तसं नाही. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलाला मत मांडण्याचा हक्क आहे. पण त्याला जे ठाऊक आहे ते विचारा ना! वह्या कुणी दिल्या, एसटीचा पास काढला का, मास्तर काय म्हणाले. पासाअभावी शाळा सुटली असेल, तर शाळेला आणि तहसीलला जाब विचारता येतो. रडण्याचा जाब कुणाला विचारणार?

आणि ती क्लिप? ती यूट्यूबवर राहते, पोर कॉलेजात जाईपर्यंत. घरच्यांनी उद्या ‘काढा’ म्हटलं तर काढणार का, हे बातमीदाराने निघण्याआधीच डेस्कला विचारून घ्यावं, आणि आपला नंबर त्या घरी लिहून ठेवून यावा.