आईची साक्ष आणि दवाखान्याचा कागद

निकालपत्र हाही समीक्षेचा विषय आहे असे मी मानतो. आत्मकथनांची बाजू आपण लढवली ती एका मुद्द्यावर: ज्याने भोगले त्याचा शब्द हाच पुरावा. प्रस्थापित समीक्षक नाके मुरडत होते तेव्हाही आपण तो सोडला नाही. पण तोच शब्द न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याचे काय होते, याची चिकित्सा आपल्याकडे फारशी झाली नाही. लसीने आपले मूल कायमचे अपंग झाले असे सांगून नुकसानभरपाई मागणाऱ्या आईबापांचे खटले या दृष्टीने वाचले पाहिजेत.

आयर्लंडमधला 'बेस्ट विरुद्ध वेलकम' हा खटला घ्या. १९६९ साली काही महिन्यांच्या बाळाला त्रिगुणी लस टोचली गेली. पुढे त्याला आकडी येऊ लागली आणि मेंदूला कायमची इजा झाली. आई वर्षानुवर्षे लढली. लसीचा तो बॅच कंपनीच्या स्वतःच्याच चाचणीत नापास झाला होता, तरी बाजारात सोडला होता. हे कळले ते कंपनीच्याच कागदांतून. उच्च न्यायालयाने कंपनीचा निष्काळजीपणा मान्य केला. आणि तरीही दावा फेटाळला! कारण काय, तर पहिली आकडी नेमकी कधी आली याविषयीचे आईचे म्हणणे न्यायाधीशांना पटले नाही. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईची आठवण तारखेच्या कसोटीला उतरली नाही. १९९२ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निष्कर्ष फिरवला आणि १९९३ मध्ये साडेसत्तावीस लाख पौंडांवर तडजोड झाली. तेव्हा ते बाळ चोवीस वर्षांचे झाले होते.

हा निकाल वाचून टाळ्या वाजवणे सोपे आहे. पण त्याच्याशेजारी 'लव्हडे विरुद्ध रेंटन' हा लंडनचा १९८८ चा निकाल ठेवावा लागतो. डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदूला कायमची इजा होते हे पुराव्याने सिद्ध होत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. पुढे २००६ मध्ये लसीमुळे मेंदूला इजा झाली असे समजल्या गेलेल्या चौदा रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या अकरा जणांत एका जनुकातला दोष सापडला. म्हणजे आईने पाहिलेली आकडी खरी, तिचे भोगणे खरे, पण तिने लावलेले कारण चुकीचे असू शकते. आपल्या चळवळीने हे कबूल करायला कचरू नये. भोगणाऱ्याचा शब्द भोगण्याविषयी अंतिम असतो, कार्यकारणाविषयी नसतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. कारण नेमके कळत नाही तेव्हा त्या न कळण्याचा भार कोणी वाहायचा?

इंग्लंडमध्ये आईबापांनी संघटना बांधली आणि १९७९ चा कायदा करून घेतला. कोणाचा दोष हे सिद्ध न करता सुरुवातीला दहा हजार पौंड मिळत. मात्र २००२ पर्यंत अपंगत्व ऐंशी टक्के लागत असे. तेव्हा एकोणऐंशी टक्के भरले तर हाती भोपळा येई. (अपंगत्वाला टक्केवारीत मोजणाऱ्यांनी कधी अपंग मुलाला आंघोळ घातली असेल का, कोण जाणे.) अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून कोष्टकच बनवले. ठरावीक लस, ठरावीक इजा आणि ठरावीक मुदत जुळली, की लसीनेच ती झाली असे धरून चालायचे. नाही म्हणणाऱ्याने तसे सिद्ध करावे. पुराव्याचा भार आईच्या डोक्यावरून उतरवणारे हे कोष्टक मला पुष्कळ निकालपत्रांपेक्षा अधिक माणुसकीचे वाटते. त्याच कायद्याने कंपन्यांनाही मोठे संरक्षण दिले, हेही विसरता येत नाही.

आता आपल्याकडे पाहू. आयर्लंडच्या त्या आईपाशी निदान कोर्टापर्यंत जाण्याची वाट होती. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रयोग झाला. खम्मममधल्या मुली बव्हंशी आदिवासी, अनेक आश्रमशाळांतल्या. दोन्ही राज्यांत मिळून सात मुली मेल्या. ते मृत्यू लसीने झाले असे चौकशी समितीला आढळले नाही, हे नोंदवलेच पाहिजे. परंतु २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालातले आकडे पाहा: आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या, १,९४८ वर अंगठे. एकलव्याचा अंगठा एकदाच मागितला गेला होता. इथे तो फॉर्मागणिक घेतला. ज्या आईची संमतीच कोणी विचारली नाही, तिची साक्ष पुढे कोण विचारणार?

आणि ती गेलीच, तर जाणार कोठे? सर्वांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. खासगी दवाखान्यात पैसे मोजून लस घेणारा ग्राहक ठरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रांगेत उभी राहणारी आमची बाई ठरत नाही. तिच्यासाठी उरते दिवाणी न्यायालय: वकील, तज्ज्ञ आणि तारखांवर तारखा. करोनाच्या लसीनंतर दोन तरुण मुली दगावल्या, त्यांच्या पालकांच्या याचिकेत केंद्र सरकारने २०२२ मध्ये शपथपत्रावर तीच वाट दाखवली. बालकांच्या लसीकरणासाठी अमेरिकेसारखा कायदा आपल्या संसदेने केलेला नाही.

यातून कोणी लसीला नकार देण्याचा अर्थ काढू नये. घटसर्प, धनुर्वात, गोवर यांनी आधी आमच्याच वस्त्यांतली पोरे नेली आहेत. लस सगळ्यांचे रक्षण करते म्हणूनच तिची क्वचित होणारी इजा एकट्या मुलाच्या घरावर टाकणे अन्यायाचे आहे; ते सगळ्या समाजाचे देणे आहे. कायदा होईल तेव्हा होवो. तोवर वस्तीत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढे करावे: टोचल्याची तारीख, लसीचे नाव आणि कुपीवरचा बॅच नंबर आईच्या हातातल्या कार्डावर लिहून घ्यावा, आणि ताप वा आकडी आली तर तिची वेळ त्याच दिवशी खाली नोंदवून नर्सबाईंची सही घ्यावी.