मालेगांवचा 'सुपरमॅन' व त्याची पुष्पिका

मालेगांवचें नांव निघालें म्हणजे आमच्या वाचकांस नारोशंकर राजेबहाद्दरांचा मोसमकांठचा भुईकोट आणि १८१८ सालचा इंग्रजांचा वेढा आठवतो. कोटाबाहेरील वस्तीकडे, म्हणजे १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानांतून येऊन राहिलेल्या मोमीन विणकरांच्या गल्ल्यांकडे, आपण संशोधक फारसे वळलों नाहीं. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगांव' (२००८) हा माहितीपट त्याच गल्ल्यांत घेतलेला आहे. सबब त्याचें परीक्षण येथें अस्थानीं होणार नाहीं.

विषय असा. नासिर शेख हे गांवांतल्याच मंडळींस घेऊन 'मालेगांव का सुपरमॅन' रचीत आहेत. आकाशांत उडणारा नायक यंत्रमागावरचा कामगार, अंगानें काडीसारखा. तो उडतांना दिसावा म्हणून लॉरीच्या बाजूस हिरवें कापड ताणलेलें. कॅमेरा फिरविण्यास सायकल. आणि एके दिवशीं तो कॅमेराच पाण्यांत पडतो. भरतमुनींनीं शृंगाराच्या अनुकृतीस हास्य म्हटलें आहे. येथें वीराची अनुकृति आहे, आणि हंसूं येतेंच.

परंतु हंसून उठणारा प्रेक्षक पुष्पिका न वाचतां पोथी मिटणाऱ्यासारखा होय. पाठ मोडली, मान वांकली, डोळे शिणले, ही लेखनिकाची तक्रार जेथें येते तेथेंच प्रत कोणीं व किती कष्टानें केली तें कळतें. या माहितीपटाचें मोल तेंच आहे. लेखक फरोग जाफरी मुंबईच्या ओढीविषयीं बोलतात तो भाग आम्हांस सर्वांत सरस वाटला. तेथें विनोद आपोआप गळून पडतो. मागांच्या खोल्या मात्र ओझरत्या दिसतात. त्यांजवर दृष्टि आणखी ठरावयास हवी होती.

याच मंडळींवर रीमा काग्ती यांनीं 'सुपरबॉइज ऑफ मालेगांव' (२०२४) हा कथापट केला. तो आम्ही सुधारून छापलेल्या आवृत्तीसारखा मानतों : वाचण्यास सुबक, पाठनिर्णयास निरुपयोगी.

नायकाचें काम करणारे शफीक शेख २०११ सालीं कर्करोगानें वारले. नासिर यांचीं आरंभींचीं चित्रें व्हिडिओच्या फितींवर घेतलेलीं. आणि फीत जुन्नरी कागदाइतकी टिकत नाहीं, ओल व बुरशी तिला थोड्याच वर्षांत खाते. ज्यांस पोथ्यांच्या शोधार्थ मालेगांवीं जाणें घडेल त्यांनीं जुन्या व्हिडिओवाल्यांकडेही चौकशी करावी, आणि फीत मिळाल्यास डबीवरील चिठ्ठी फाडूं नये.