'अभिनंदन' : एका व्याख्येचा फेरविचार

'अभिनंदन करणे म्हणजे दुसऱ्याच्या यशाबद्दल आनंद व्यक्त करणे' ही व्याख्या आपल्या वर्गांतून निःशंकपणे सांगितली जाते. तिचा आधार व्युत्पत्ती : 'नन्द्' म्हणजे आनंदणे. संस्कृतापुरते हे ठीक आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने मरणाचे वा जीविताचे अभिनंदन करू नये, असा निर्देश आहे. तेथे हे क्रियापद मनोवृत्तीचे वाचक असून त्याचे कर्म व्यक्ती नाही. मराठीत 'जीविताचे अभिनंदन' ही रचनाच चमत्कारिक वाटते. आपण अभिनंदन करतो ते माणसाचे किंवा संस्थेचे. त्याचे निमित्त 'बद्दल' लावून बाजूस ठेवतो.

मग मूळचा आनंद कोठे गेला? माझ्या मते तो आज 'कौतुक' या शब्दाच्या वाट्यास आला आहे. 'मला तिचे कौतुक वाटते' हे सहज मराठी. 'मला तिचे अभिनंदन वाटते' असे कोणी म्हणणार नाही. सासू शेजारणीपाशी सुनेचे कौतुक करू शकते, अभिनंदन नव्हे. कारण अभिनंदनास ती व्यक्ती समोर हवी, निदान पत्र वा ठराव तिला उद्देशून हवा. शिवाय कौतुक बहुधा वडिलांकडून धाकट्यांकडे जाते. विद्यार्थ्याने गुरुजींचे कौतुक केले तर किंचित खटकते. आणि आईने मुलाचे 'अभिनंदन' केले, तर घरात सभा भरल्यासारखे वाटते!

तात्पर्य, मराठीतील 'अभिनंदन' हे भावनेचे नाव नसून उच्चाराने घडणाऱ्या कृतीचे नाव आहे. ऑस्टिनने १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हेच उदाहरण घेतले आहे : मनात आनंद नसता केलेले अभिनंदन अप्रामाणिक ठरेल, परंतु ते घडलेच नाही असे म्हणता येणार नाही. पराभूत उमेदवार विजयी उमेदवाराचे अभिनंदन करतो, तेव्हा त्याला आनंद झाला की नाही याची चौकशी आपण करीत नाही. वरील व्याख्या मात्र ती करावयास लावते, हा तिचा मुख्य दोष होय.

या शब्दामागे 'हार्दिक', 'मनःपूर्वक' ही विशेषणे इतक्या नेमाने का लागतात, याचा उलगडाही येथेच होतो. ('मनापासून कौतुक' असेही आपण म्हणतो, हे खरे, पण तेथे विशेषण गाळल्याने शब्द कोरडा पडत नाही.) 'वाढदिवसाबद्दल अभिनंदन' हा प्रयोग मात्र व्याख्येतील 'यश' या पदासही अडचणीत आणतो. वाढदिवशी यश ते कोणते? तेथे आता बहुधा 'शुभेच्छा'च दिल्या जातात; तरी जुना प्रयोग अशुद्ध ठरविण्याचे मला कारण दिसत नाही.