शब्दांविना काशी

अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट गार्डनर यांचा ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (१९८६) हा नव्वद मिनिटांचा अनुबोधपट काशीतील एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचे जीवन दाखवितो. त्यात निवेदन नाही आणि पात्रांच्या बोलण्याचे भाषांतरही नाही. वल्ह्यांची करकर, कुत्र्यांचे भुंकणे, घंटानाद यांवरच सारा भार आहे. शब्दाचा आधार काढून घेतला की प्रेक्षकाला पाहावेच लागते, ही त्यामागील भूमिका दिसते; आणि तिच्यात तथ्य आहे.

या रीतीचे पूर्वसूत्र झिगा व्हेर्तोव यांच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) या सोव्हिएत चित्रपटात सापडते. मूकपटातील मजकुराच्या पाट्याही टाळून त्यांनी नगरातील एक दिवस उभा केला. खाण, यंत्र आणि रस्ता यांतील नाते तेथे दृश्यांच्या जोडणीतूनच उमगते. गार्डनरांच्या कृतीतही शेतातला झेंडू हार होऊन देवापाशी आणि प्रेतापाशी पोहोचतो. वखारीत तोलले गेलेले लाकूड चितेवर चढते. तथापि व्हेर्तोव यांची जोडणी क्रांतीच्या आशेने भारलेली आहे. शिवाय ते चित्रण करणारा माणूस आणि संकलनाचे काम हीही पडद्यावर आणतात. गार्डनरांचा कॅमेरा मात्र स्वतःला लपवितो, आणि त्यांच्या काशीत चक्र केवळ फिरत राहते.

मानववंशशास्त्रज्ञांनी या मौनावर आक्षेप घेतले. वस्तुतः हे मौन सर्वांसाठी सारखे नाही. अंत्ययात्रेतील रामनामाचा घोष पाश्चात्त्य प्रेक्षकाला निव्वळ नाद वाटेल. मराठी प्रेक्षकाला त्याचा अर्थ ऐकताक्षणीच कळतो. म्हणजे येथे भाषा वर्ज्य झालेली नाही. ती न जाणणाऱ्यापुरतीच तिची ध्वनीत गणना झाली आहे.

याची किंमत डोमराजाच्या प्रसंगांत कळते. त्याचा करडा स्वर ऐकू येतो, हातातील पैसे दिसतात. परंतु चितेचा अग्नी देण्याचा हक्क आणि प्रेतदहनाचे श्रम एकाच अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीकडे का आले, हे कोणतीही प्रतिमा सांगू शकत नाही. जन्ममरणाचे चक्र निसर्गाचे आहे. जातीचे चक्र माणसांनी घडविलेले आहे. शब्द वगळताच ही दोन्ही एकरूप भासू लागतात. गार्डनरांची दृष्टी विलक्षण आहे, यात शंका नाही; पण जे दिसत नाही त्याचा जाब विचारण्यासाठी शब्दच लागतो.