गळा कोणाचा, गाणे कोणाचे?

पेण तालुक्यातील हमरापूर आणि जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी विख्यात आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी जोह्यातील एखाद्या कारखान्यात डोकावले, तर साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती रांगेने उभ्या दिसतात आणि एका कोपऱ्यात कुणी कारागीर श्वास रोखून डोळ्यांची आखणी करीत असतो. हात कामात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणूनच असे कारखाने सहसा मुके नसतात. पूर्वी तेथे रेडिओ वाजे, मग टेपरेकॉर्डर आला, आता मोबाइलला जोडलेला लहानसा स्पीकर असतो. गेल्या पन्नास वर्षांत लोकप्रिय संगीताने आपल्या सांस्कृतिक जीवनाला कसे वळण दिले, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर सभागृहापेक्षा अशा कारखान्याच्या दारात उभे राहणे अधिक उपयुक्त ठरेल.

लोकप्रिय गाणे उथळ असते, दोन वर्षांत विस्मृतीत जाते, त्यावर समीक्षकाने शाई का खर्चावी, असा आक्षेप घेतला जातो. परंतु माणूस जे कौतुकाने ऐकतो त्याहून जे नकळत गुणगुणतो, तेच त्याच्या मनाची घडण अधिक करते. म्हणून प्रस्तुत लेखात गाणे चांगले की वाईट, एवढेच न पाहता ते कोणाच्या गळ्यातून निघाले आणि कोणाच्या गळ्यात उतरले, हे पाहावयाचे आहे.

प्रारंभ करावा लागतो तो धवल्यापासून. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या पट्ट्यातील आगरी समाजात लग्नविधी धवलारणीच्या गाण्याने पार पडत असे. ही स्त्री पुरोहित होती आणि तिचे गाणे हाच मंत्र होता. हळद असो, मांडव असो वा वरातीचे आगमन, प्रत्येक प्रसंगाचा वेगळा धवला असे. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द ऐकताच तेराव्या शतकातील महदंबेचे धवळे आठवतील. कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर रचलेली ती गीते मराठीतील स्त्रीकाव्याचा आरंभ मानली जातात. धवलारीण गाते आणि भोवतालच्या बायका तिचे शब्द उचलतात, असे या गायनाचे रूप आहे. येथे श्रोता वेगळा नसतो. मांडवातील प्रत्येक बाई गायिका असते. लहान मुलगी आईच्या मांडीवर बसून ते शब्द शिकते. हे गाणे लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण ते माणसांत साठविलेले होते.

ध्वनिमुद्रिकेने हा हिशेब बदलला. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रात्रभर चालणाऱ्या गाण्याला तेथे जागा नव्हती. जे मावेल तेच टिकेल, असा नवा नियम झाला. कोळी-आगरी जीवन मुद्रिकेवर आणि रेडिओवर आले, तेव्हा ते शहराने बांधून दिलेल्या चौकटीत आले. ‘मी डोलकर’ हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण होय. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांचे. यांपैकी कोणीही कोळीवाड्यातले नव्हते. तरीही वल्ह्याची लय त्यांनी इतकी नेमकी पकडली, की समुद्र कधी न पाहिलेल्या मराठी माणसालाही दर्या आपला वाटू लागला. हे श्रेय मोठे आहे. मात्र त्याचबरोबर कोळी म्हणजे सदैव नाचणारा, हसणारा, रंगीत वेषातला माणूस, असे एक चित्रही मध्यमवर्गाच्या मनात ठसले. होडीचे कर्ज, जाळ्याची फाटाफूट, वादळात न परतलेला मुलगा यांना त्या चित्रात फारसे स्थान मिळाले नाही.

पुढे शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारखा कलावंत कोळीगीतांना लाभला. मुंबईच्या नायगावात १९३१ साली जन्मलेल्या या शाहिराच्या आवाजात रांगडेपणा आणि कारुण्य एकत्र नांदत. तेही जन्माने कोळी नव्हते. दलित वस्तीच्या अनुभवातून आणि आंबेडकरी जलशातून त्यांचा गळा घडला होता. २०१० साली नागपुरात मंचावरच त्यांचे निधन झाले. गाणे हेच ज्याचे जगणे, त्याला मृत्यूही तेथेच गाठतो. १९९० च्या दशकात वेसाव्याच्या कोळीवाड्यातून ‘वेसावकर आणि मंडळी’ पुढे आली आणि कोळीवाडा स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या तोंडाने गाऊ लागला. त्यांच्या गाण्यांत शेळकेबाईंच्या शब्दांची कांती शोधू नये. परंतु आपली बोली बाजारात लाज न बाळगता उभी राहिली, हा अनुभव त्या समाजाला त्यांनी दिला.

हे शक्य झाले ते कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगापुढे आणलेली ही लहानशी पेटी आपल्याकडे १९८० च्या दशकात घरोघरी पोहोचली. ध्वनिमुद्रिका काढणे हा मोठ्या कंपन्यांचा मामला होता. कॅसेट मात्र लहान स्टुडिओतही निघे आणि स्वस्तात विकली जाई. ज्यांना प्रतिष्ठित दारे उघडत नव्हती, त्यांचा आवाज एसटी स्थानकावरील टपऱ्यांतून ऐकू येऊ लागला.

या संदर्भात प्रल्हाद शिंदे यांचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कव्वालीच्या मुकाबल्यांत तावून निघालेला तो खडा, वरच्या पट्टीतला आवाज. त्यात नाजूक हरकती थोड्या. पण शब्द फेकला की तो मैदानाच्या टोकाशी बसलेल्या माणसाच्या छातीवर आदळावा. या गायकाने भीमगीते गायिली, कव्वाल्या गायिल्या, पंढरीच्या वाटेची गाणी गायिली आणि गणपतीचीही गायिली. २००४ साली ते गेले, तरी भाद्रपदात त्यांचा आवाज आजही महाराष्ट्राच्या गल्लोगल्ली ऐकू येतो. ज्या समाजाला शतकानुशतके देवळाची पायरी चढू दिली नाही, त्या समाजातील माणसाचा स्वर आज देवघरातल्या आरतीआधी वाजतो, हे साधे घडले नाही. जे काम अनेक भाषणांना साधले नाही, ते एका गळ्याने केले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु समीक्षकाने येथे थांबून विचारले पाहिजे : स्वर आत आला, माणूस आला का? कॅसेट घरात घेणे सोपे असते, शेजार देणे कठीण असते. प्रल्हाद शिंद्यांच्या गाण्याने दार उघडले. त्यातून आत येऊ देण्याचे काम गाण्याचे नव्हते, ते ऐकणाऱ्यांचे होते.

मग आले डीजेचे दिवस. कोळीगीताचा ठेका तोच राहिला, किंबहुना तोच तेवढा राहिला. भिंती हादरविणाऱ्या या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत आणि शेजाऱ्याचेही ऐकू येत नाही. तरुण मंडळी बेभान नाचतात; त्यांच्या आनंदाचा हेवा मी करीत नाही. पण मांडवात स्पीकर चढला की धवलारणीला बसायला जागा कोठे? तिचा आवाज यंत्राशी स्पर्धा करू शकत नाही. ती गप्प होते आणि तिच्याबरोबर तिने पाठ केलेले शेकडो चरण गप्प होतात.

तेव्हा दोष यंत्राचा मानावा काय? मला तसे वाटत नाही. यंत्रानेच उमपांना आणि शिंद्यांना आपल्यापर्यंत आणले. गाणारा समाजाच्या आतला की बाहेरचा, हीही खरी कसोटी नव्हे. ‘मी डोलकर’ बाहेरून आले आणि कोळ्यांच्या ओठांवर बसले. कसोटी एकच : ऐकलेले गाणे परत माणसाच्या गळ्यात येते की नाही? जे गाणे आपल्याला गायला लावते, ते संस्कृती घडविते. जे आपल्याला केवळ हालवते, ते करमणूक करून निघून जाते. हा प्रश्न आपल्या चर्चमधील गायनालाही लागू आहे. ध्वनिवर्धक वाढले, वाद्ये वाढली; पण मागच्या बाकावरची म्हातारी अजून गाते का, हे आपण कधी कान देऊन ऐकले आहे काय?

जोह्याच्या कारखान्यातील दृश्याकडे पुन्हा वळू या. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर स्पीकरवरचे गाणे ऐकता ऐकता स्वतःशी गुणगुणत असतो. कुंचला उचलला की तो थांबतो, रेष ओढून झाली की पुन्हा सूर धरतो. त्या थांबण्यात आणि धरण्यात आशेला जागा आहे. उपाय मोठा नाही. पुढच्या लग्नात हळदीच्या वेळी एक तास तो स्पीकर बंद ठेवावा, गावातल्या वयोवृद्ध बाईला मानाने मधोमध बसवावे आणि तिच्यामागून म्हणावे. शब्द चुकतील, सूर हलेल. चुकत चुकत म्हणणाऱ्यांनीच आजवर गाणे जिवंत ठेवले आहे.