किमान वेतन आणि कराची मर्यादा

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवरील मजुरीचा दर 1988 साली शेतमजुरांच्या किमान वेतनाशी मेळ घालण्यासाठी दुप्पट करण्यात आला. त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासे झाले, असे रॅव्हॅलियन, दत्त व चौधुरी यांनी 1993 च्या अभ्यासात दाखविले. यावरून किमान वेतन गरिबांसच बाधक ठरते, असा निष्कर्ष काही अभ्यासक काढतात. आमच्या मते तो सदोष आहे. वेतनवाढीबरोबर खर्च वाढू न देणे हा शासनाचा निर्णय असतो; वेतनाचा अटळ परिणाम नव्हे.

म्हणून करधोरणाचा विचार अपरिहार्य ठरतो. 1975 च्या कायद्याने बसविलेला व्यवसाय कर हा योजनेचा आर्थिक आधार होता. घटनेच्या 276 व्या अनुच्छेदाने या कराला वार्षिक 250 रुपयांची मर्यादा घातली होती. 1988 च्या साठाव्या दुरुस्तीने ती 2,500 झाली आणि आजही तितकीच आहे. परिणामी दरमहा 30 हजार मिळविणारा कारकून व 30 लाख मिळविणारा अधिकारी सारखाच कर भरतात.

किमान वेतनाचा पाच वर्षांच्या आत फेरविचार व्हावा, अशी तरतूद 1948 च्या कायद्यातच होती; करमर्यादेस तसा नियम नाही. वेतनवाढीचा भार सधनांनी उचलला नाही, तर तो काम नाकारलेल्या मजुरावर पडतो. किमान वेतनाचे मूल्यमापन करताना हे विसरून चालणार नाही.