सातबारा माझा, गप्पा कुणाच्या?

ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं. निमित्त होतं एक जुना फोटो: नाझी सलाम ठोकणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभा असलेला एकटा माणूस. त्या रागात कितीतरी भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. हॉस्टेलवरच्या आम्ही दोघांनीही. 'तुमचं खातं, तुमची मालकी' हे आम्हाला पटलं होतं. मला ते अजून पटतं, पण त्यातल्या 'मालकी' या शब्दाशी माझं भांडण आहे.

मॅस्टोडॉन म्हणजे एका कंपनीऐवजी एकमेकांशी बोलणारे हजारो छोटे सर्व्हर. एक आवडला नाही तर बिऱ्हाड हलवा. फॉलोअर मागोमाग येतात, मात्र लिहिलेलं सगळं जुन्याच घरी राहतं. ब्लूस्कायने इथे खरी सुधारणा केली. तुमच्या पोस्ट तुमच्या नावाच्या एका वहीत जमा होतात, वहीवर डिजिटल सही असते आणि सर्व्हर बदलला तरी ती सोबत नेता येते. स्वतःचं डोमेनच नाव म्हणून लावता येतं. इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन देखणं वाटतं. (बहुतेकांच्या वह्या आजही कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, ते सोडा.)

पण डोमेनही ठरावीक मुदतीच्या भाड्यानेच मिळतं. 'क्वीअर डॉट एएफ' नावाचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर होता. 'एएफ' हे अफगाणिस्तानचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान सरकारने तो पत्ताच काढून घेतला. सातबारा समजून जपलेला कागद भाडेपट्टा निघाला.

तरी माझी मुख्य तक्रार ही नाही. वहीत फक्त माझी वाक्यं असतात. मी कुणाला उत्तर दिलं की माझ्या वहीत त्याच्या पोस्टचा पत्ता आणि हॅश, म्हणजे तिचा ठसा, नोंदला जातो. शब्द मात्र त्याच्या वहीत राहतात. त्याने पोस्ट खोडली की माझ्याकडे उरतो तो ठसा. ठशावरून वाक्य परत मिळवता येत नाही, हॅशचा उपयोगच तो आहे. मालकी माणसागणिक वाटून दिली, पण गप्पा दोघांत असतात, हे त्या हिशेबात धरलेलंच नाही.

माझ्या त्या मित्राने मागच्या वर्षी सगळी खाती बंद केली. अशाच एका जागी आम्ही चार-पाच महिने रोज रात्री वाद घालायचो, गावी परत जावं की नाही यावर. मी माझी वही उतरवून घेतली. त्यात आहे: 'थांब, हे चूक आहे.' 'हो, पण तू गावाबद्दल बोलतोयस की घराबद्दल?' 'बरं.'

त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. स्वतःचं लिहिलेलं पुसायचा हक्क नसेल तर मालकी कसली? आणि तरी त्याची वाक्यं मला हवी आहेत. उत्तर देतानाच समोरच्याच्या परवानगीने त्याचे शब्द माझ्या वहीत उतरवून घेता यावेत, एवढी सोय मला हवी होती. त्याने परवानगी दिली असती का, कुणास ठाऊक.

फाइलमधली शेवटची नोंद १० शब्दांची आहे. मी त्याला विचारलंय, 'मग तू जाणार आहेस की नुसतंच मला जा म्हणून सांगतोयस?'